वहिनीच्या लुगड्याचं फडकं

आम्ही मूळचे मालवणाकडले, पण माझं सगळं वाढणं डिलाईल रोडच्या चाळीत. आईबाप लवकर गेले, भाऊ मिलमध्ये, मला वाढवलं ते वहिनीनं. आपल्या ताटातली मासळी मला वाढायची, म्हणायची मला काटे टोचतात, आणि मी गाढव, खरं धरून चालायचो. मिलमधली रुई माझ्या छातीला सोसेना, म्हणून विसाव्या वर्षी भावानं मला गिरगावात एका शेठच्या घरी कामाला लावलं. काय सांगू तुम्हाला, बाहेरून संगमरवर आणि आतून उकिरडा.

तुम्ही मघाशी मला विचारलंत ना, की आजोबा, या वयात नातवाचा प्रोजेक्टर खोलून साफ कसा करता, तर हात बसला तो तिथं. धाकट्या शेठना सिनेमाचा नाद, घरात मशीन, स्वतःचा कॅमेरा, रविवारी दुपारी जाड पडदे ओढून काळोख करायचे आणि भिंतीवर बघायचे. मशीन साफ करायचं माझ्याकडे. उघडलं की शिसारी यायची हो. झुरळांच्या लेंड्या, झुरळांचे वाळके पाय, सिगरेटची राख, तेलकट चिकट थर, एकदा तर पालीचं शेपूट, ते सगळं मी बोटानं काढायचो आणि मग जेवायचो त्याच हातानं. काच मात्र भलत्या फडक्यानं पुसली की चरे पडायचे, तिला जुन्या नऊवारीचंच फडकं लागायचं, शंभरदा धुतलेलं, मऊ. ते वहिनी द्यायची.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे दिवस, रोज मोर्चे, वहिनी पण झेंडा घेऊन जायची चाळीतल्या बायकांबरोबर. एका संध्याकाळी लंगडत आली, लुगडं उभं फाटलेलं. मी म्हटलं काय झालं गं, तर म्हणाली, नळार खिळ्यात अडाकला रे, नि पाय घसारलो, जाऊ दे, तुका फडक्याक होयत. आणि खरंच धुऊन, कापून दिलं. मी पुन्हा खरं धरून चाललो.

महिन्याभरानं शेठकडे पाहुणे जमले. धाकट्या शेठनी आपल्या गॅलरीतून मोर्चाची फिल्म काढली होती, ती धुऊन आलेली. मी त्या नव्या फडक्यानं काच अशी पुसली होती की पाहुणे म्हणाले, काय साफ दिसतंय, आणि मी दाराशी उभा राहून खूश. भिंतीवर बायका पळतायत, मागे लाठ्या, एक बाई पडली, उठायला गेली तर मांडीवर दुसरी लाठी, पदरावर कोणाचा तरी बूट, लुगडं फाटलं, आणि तिनं तोंड वळवलं. वहिनी!

धाकटे शेठ म्हणाले थांबा, गंमत दाखवतो, आणि मशीन उलटं फिरवलं. लाठी वर गेली, लुगडं सांधलं, वहिनी टुणकन उभी राहून उलटी पळाली. माणसं पोट धरून हसली. एक बाई चकली खाता खाता म्हणाली, और एक बार. तीनदा दाखवलं. तीनदा मारलं हो तिला माझ्यासमोर. चौथ्यांदा चित्रावर काळा केस नाचायला लागला, शेठ म्हणाले, अरे, पूस जरा. खिशात हात घातला तर हाताला तेच लुगडं.

किळस आली मला, त्यांची आली, माझी पण आली, एवढं साफ मीच केलं होतं ना. मी म्हटलं नाही पुसणार, ती माझी वहिनी आहे. मग धाकटे शेठ म्हणाले, अच्छा? मग तिला पण घेऊन ये पुढच्या रविवारी, बघेल बिचारी. चेष्टेनं नाही, चांगुलपणानं म्हणाले, आणि त्याचीच मला अजून जास्त किळस येते.

मी चालत घरी आलो. वहिनी म्हणाली, आज लवकर? म्हटलं हातातून मशीन पडलं, काढून टाकलं मला. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि भात वाढला.

पुढे एका टॉकीजमध्ये मशीनवर लागलो, जन्म गेला त्यात. वहिनी शेवटपर्यंत मांडी धरून चालायची आणि नळाचा खिळा म्हणायची, मी पण मशीन पडलं म्हणत राहिलो. आता दर दिवाळीला नातवाचा प्रोजेक्टर खोलतो, आत अजून झुरळाचे पाय निघतात. पोरगा गुणी आहे, सुखी राहो. फक्त त्यानं बटण दाबून चित्र मागे नेलं आणि माणसं उलटी चालायला लागली, की मी उठून गॅलरीत जातो. तो विचारतो, आजोबा, काय झालं? मी म्हणतो, डोळ्यात धूळ गेली रे. तो खरं धरून चालतो.