‘नेमकं कुठे दुखतं?’ असं विचारणारी टॅनिया

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या या धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख माननीय जयकुमारजी शहा, व्यासपीठावर असलेल्या ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर हिना मेहता, जिच्यासाठी आपण सगळे हातातली कामं टाकून आलो ती आपली फिजिओथेरपिस्ट टॅनिया बोर्जिस, तारोडीहून मुद्दाम आलेल्या तिच्या मातोश्री सेलीनबाई, रुग्णालयातले डॉक्टर, सिस्टर, मावश्या, आणि समोर बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो आणि बंधूंनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी सुलोचना पाटील. राहणार मुर्धा. भाईंदरच्या एका शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे माझ्या हाती माइक देताना सूत्रसंचालिकाबाईंच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसली ती रास्त आहे. शिक्षिका बोलायला उभी राहिली की तास भरल्याशिवाय थांबत नाही. पण मी आटोपतं घेईन.

टॅनिया नाशिकला निघाली आहे. तिथल्या कॉलेजात ती हेच काम पुढच्या मुलींना शिकवणार आहे. आनंदाचीच गोष्ट आहे. माझ्याआधी बोललेल्या सर्वांनी तिचं अभिनंदन केलं, मीही मनापासून करते. पण मला आज नुसता आनंद होत नाही, आणि तो का होत नाही हे सांगितल्याशिवाय टॅनियाने या रुग्णालयात काय केलं ते कळणार नाही.

बेंबीच्या खाली आणि मांड्यांच्या वर जे दुखतं, त्याच्याबद्दल आपण बोलत नाही. डोकं दुखलं तर सांगतो, गुडघा दुखला तर चार लोकांना दाखवतो. इथलं दुखलं की ‘बरं नाही’ एवढंच म्हणतो. माझं हे बरं नसणं माझा मुलगा निहार जन्मला तेव्हापासूनचं. निहार आज बावीस वर्षांचा आहे. तो बघा, मागच्या रांगेत बसला आहे. काल मी त्याला विचारलं, “मी सगळं बोलले तर तुला चालेल ना रे?” तो म्हणाला, “आई, तू बोल. मी येतोय ऐकायला.”

बाळंतपण अवघड झालं होतं. त्यानंतर बसलं की आतून भाजल्यासारखं व्हायचं. लघवीला जळजळ. पाळी नसतानाही ओटीपोटात पीळ. आणि नवरा जवळ आला की सुरी फिरावी तसं. माझ्या सासूबाई शांताबाई, देव त्यांना सुखात ठेवो, मायाळू बाई होत्या. त्या म्हणायच्या, “अगो, बालंतपनानंतर असाच होतं. आमाला न्हाय झाला काय?” आता वाटतं, त्यांनाही झालंच असेल. त्यांनाही कुणी विचारलं नसेल.

मी डॉक्टरांकडे गेले नाही असं नाही. गोळ्या घेतल्या, तपासण्या केल्या, सोनोग्राफ्या केल्या. रिपोर्ट नॉर्मल यायचे. रिपोर्ट नॉर्मल आला की घरच्यांना हायसं वाटतं. मला मात्र रडू यायचं. एका डॉक्टरांनी सांगितलं, टेन्शन घेऊ नका. दुसऱ्यांनी सांगितलं, दुसरं मूल होऊ द्या, आपोआप बरं होईल. दुसरं मूल जितेंद्रलाही हवं होतं.

जितेंद्र म्हणजे माझे यजमान. माझे तेव्हाचे यजमान. इथल्याच एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांचं नाव घेऊ की नको, हे मी त्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, “घे नाव. लपवून काय भलं झालं?”

तेव्हा आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो, म्हणून पुढेही तसंच बोलते. जितेंद्र वाईट माणूस नव्हता. त्याने कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. तो जवळ आला की माझं अंग आपोआप लाकूड व्हायचं. त्याला ते कळायचं. तो कूस बदलायचा. दुसऱ्या दिवशी चहा करून द्यायचा. आणि आम्ही दोघंही निहारच्या डब्याबद्दल बोलायचो.

निहार चौथीत असताना सोनोग्राफीत एक छोटी गाठ दिसली. ज्या नर्सिंग होममध्ये दाखवत होते, तिथे सांगितलं, गर्भाशय काढून टाका, कटकट मिटेल. आम्हाला इतका आनंद झाला! हो, आनंदच. सापडलं एकदाचं, असं वाटलं. मी काढून टाकलं. जितेंद्रने रजा घेऊन माझी सेवा केली. तीन-चार महिन्यांनी त्याने एकदा हळूच विचारलं, “आता तरी बरं आहे ना?”

मी म्हटलं, “नाही. तसंच दुखतंय.”

तो माझ्याकडे बघत राहिला.  त्या क्षणी त्याचा माझ्यावरचा विश्वास उडाला, हे मला दिसलं. दुखण्याचं कारणच काढून टाकलं, मग दुखतंय काय? एकच अर्थ उरला. हिला मी नको आहे.

पुढे कारखाना वसईच्या बाजूला हलला. तो तिकडेच खोली घेऊन राहू लागला. आधी शनिवार-रविवार यायचा, मग महिन्यातून एकदा. निहार सातवीत असताना आम्ही सामोपचाराने वेगळे झालो. भांडण नाही, तंटा नाही. नातेवाईक विचारायचे, झालं काय नेमकं? मी काय सांगणार होते? मलाच ठाऊक नव्हतं.

आता टॅनियाकडे येते. चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेने मला सन्मानपत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, पाटीलबाई वर्गात कधीही खुर्चीवर बसत नाहीत, उभं राहून तळमळीने शिकवतात. मुख्याध्यापकांनी ते वाचलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. हसू नका, तुम्हीही वाजवल्या असत्या. त्या कार्यक्रमाला शिक्षकांच्या पाठदुखीवर दोन शब्द सांगायला म्हणून टॅनियाला बोलावलं होतं. सत्कारमूर्ती सगळे व्यासपीठावर बसले होते. मी खुर्चीच्या मागे, खुर्चीची पाठ धरून उभी. लोकांना वाटलं, बाईंचा विनय.

कार्यक्रम संपला. चहा-समोशांच्या गर्दीत ही मुलगी माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “बाई, तुम्ही मघापासून एकदाही बसला नाहीत. बसल्यावर दुखतं का? नेमकं कुठे दुखतं?”

मंडळी, मला आजवर ‘काय होतंय’ असं पुष्कळांनी विचारलं होतं. ‘किती दिवसांपासून’ असंही विचारलं होतं. नेमकं कुठे, हे कुणी विचारलं नव्हतं.  तिने माझ्या हातातला कप काढून घेतला, मला मागच्या व्हरांड्यात नेलं, आणि मी त्या अनोळखी मुलीला, माझ्या मुलापेक्षा थोड्याच मोठ्या मुलीला, सगळं सांगितलं.

त्यानंतर मी इथे येऊ लागले. एक्स-रेच्या शेजारची ती छोटी खोली तुम्हाला माहीत आहे. तिथे टॅनियाने आधी मला कमरेच्या हाडांचा सांगाडा दाखवला आणि त्याच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू समजावून सांगितले. बाळंतपणात ते दुखावले, दुखतं म्हणून आखडले, आणि आखडले म्हणून आणखी दुखू लागले. शेजारची नस चिडली. सोनोग्राफीत हे दिसत नाही. गर्भाशयाचा त्यात फारसा संबंध नव्हता. हिनाबेननी मला पुन्हा पहिल्यापासून तपासलं आणि टॅनियाचंच म्हणणं बरोबर असल्याचं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते ऑपरेशन त्यांनी केलेलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, “सुलोचनाबेन, आय एम सॉरी. आमच्या सगळ्यांतर्फे सॉरी.”

जादू झाली नाही. श्वास घ्यायला शिकण्यात पहिले कित्येक आठवडे गेले. मी म्हणायचे, “अगं, श्वास घेता येतो मला!” ती म्हणायची, “नाही येत, बाई. तुम्ही अठरा वर्षं धरून ठेवलाय.” मग व्यायाम, हाताने स्नायू सैल करणं, नसेसाठी औषधं. आणि दर शनिवारी आमचा गट. त्यात मुर्ध्याची मी, पालीच्या कोळणी, मारवाडी सुना, उत्तर प्रदेशातून आलेल्या मुली. पहिल्या दिवशी त्यातली एक रडत म्हणाली, “दीदी, मेरे को लगा दुनिया में मैं अकेली है.” पुरुषही येतात बरं का, त्यांनाही हे दुखणं होतं. होडीचे मालक असलेले एक गृहस्थ गावात सांगतात की गुडघा दाखवायला जातो. नाव नाही सांगत, घाबरू नका.

आजही माझं दुखतं. पण आता मला माहीत आहे की ते काय आहे, आणि मी एक सिनेमा अख्खा बसून पाहू शकते. ज्यांना हे साधं वाटतं, ते भाग्यवान आहेत.

टॅनियाच्या पद्धतीत जोडीदारालाही एकदा बोलावून समजावतात. मी म्हटलं, “आता कुणाला बोलावू?”  तिने आग्रह केला नाही. मीच महिनाभर विचार करून जितेंद्रला फोन केला. तोवर त्याने दुसरं लग्न केलं होतं, त्याला एक लहान मुलगी झाली होती. तरी तो आला. त्या खोलीत स्टुलावर बसला. टॅनियाने त्याला तोच सांगाडा दाखवून सगळं समजावलं. त्याने तो हातात घेतला, फिरवून पाहिला.

मग मला म्हणाला, “म्हणजे तेव्हा खरंच दुखत होतं?”

“हो.”

“प्रत्येक वेळी?”

“हो.”

“मला वाटलं, मी तुला आवडत नाही. सुलू, मी हेच मनात धरून निघून गेलो.”

मी म्हटलं, “मला वाटलं, तुला कळतंय आणि तरी तुला राग येतोय.”

त्याने सांगाडा जागेवर ठेवला. मग घड्याळात बघून उठला. म्हणाला, “निघतो. मुलीची बालवाडी सुटेल.” दारात थांबून टॅनियाला म्हणाला, “मॅडम, तुम्ही तेव्हा कुठे होतात?”

तो गेल्यावर टॅनिया मला म्हणाली, “बाई, तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बारावीत होते.” आणि ती रडली. मी नाही रडले. मी तिला पाणी दिलं. तिचा काय दोष होता? जितेंद्रचा तरी काय होता? कुणावर राग काढावा, असा एकही माणूस मला त्या खोलीत सापडला नाही. त्याचंच फार वाईट वाटलं.

अध्यक्ष महोदय, निरोप समारंभात मागणी करू नये, हा शिष्टाचार मी जाणते. तरीही बोलते. टॅनियाच्या जागी अजून कुणाची नेमणूक झालेली नाही. गेल्या शनिवारी एक नवी मुलगी आली होती. लग्नाला दीड वर्ष झालेलं. सोबत नवरा होता, बाहेर बाकावर मोबाइल बघत बसला होता. तिला सांगावं लागलं की मॅडम पुढच्या आठवड्यापासून नसतील. ती “बरं” म्हणाली आणि निघाली. मी मागे धावले आणि त्या मुलाला म्हटलं, “अहो, तिला खरंच दुखतंय.” तो उभा राहिला. त्याने मला बसायला जागा करून दिली आणि विचारलं, “म्हणजे काय होतंय तिला?” मी मला येतं तेवढं सांगितलं. पण मी मराठीची शिक्षिका आहे, फिजिओथेरपिस्ट नाही. त्यांना माणूस द्या. एवढंच मागते.

टॅनिया, तू मला भेटलीस, पण उशिरा भेटलीस. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. तू नाशिकला ज्या मुलींना शिकवशील, त्या कुणाला तरी वेळेवर भेटतील, या आशेवर तुला निरोप देते. सेलीनबाई, अशी मुलगी आम्हाला दिलीत, तुमचे उपकार आहेत. हिनाबेन, विश्वस्त मंडळ आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेणारे तुम्ही सर्व, मी तुमची आभारी आहे.

भाषणाच्या शेवटी, काही उणं-अधिक बोलले असेन तर पोटात घ्या, असं म्हणायची आपली रीत आहे. मला आज ते म्हणवत नाही. आपण बायकांनी पुष्कळ पोटात घेतलं. माझं काही चुकलं असेल तर खुशाल तोंडावर सांगा, आणि मग मोठ्या मनाने मला माफ करा.

नमस्कार.