पहिल्या पानावरची पाठ

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढे एका दैनिकाचे पिकल्या केसांचे फोटोग्राफर उभे होते. दुरुस्तीवाल्याने त्यांचा कॅमेरा उघडला.

"काका, आत चिखलच चिखल! कुठे पडला?"

"पडला नाही. काल ती भिंत कोसळली ना, तिथे मीच खाली ठेवला."

"तुम्ही? आणि कॅमेरा खाली?"

"ढिगाऱ्याखाली एक बाई होती."

"पण पूर्वी तुम्ही आधी फोटो काढायचात."

"पूर्वी अशा ठिकाणी कॅमेरा माझा एकट्याचाच असायचा रे. मी काढला नाही, तर कुणाला कळायचंही नाही. काल चाळीस मोबाइल रोखलेले होते. मोकळा हात एकाचाही नव्हता."

"वाचली का ती?"

"दवाखान्यात आहे. अजून शुद्धीवर नाही."

"ऑफिसात काय म्हणाले?"

"साहेब म्हणाले, सगळ्यांच्या आधी पोचलात आणि हात हलवत आलात? मग कुणाच्या तरी मोबाइलमधला फोटो छापला."

"हा, आजच्या पेपरात पहिल्या पानावरचा? यात विटा उपसणारा पाठमोरा माणूस... काका, हे तर तुम्हीच!"

"सत्तावीस वर्षं त्याच पेपरात आहे मी. फोटोखालची ओळ वाच."

"'मदतीला धावलेला एक अनोळखी वाटसरू.'"