चेष्टा केली हो साहेब

— नाई, त्या स्टुलावर नको, ते हालते. खुर्चीवर बस. नाव लिहिलं ना? अंजनाबाई रामटेके, वय अडुसष्ट, मालक रेल्वेत होते, आता नाईत, घरात एकटी. हां. आन तुहं नाव निधी, आडनावावरून आपल्यातलीच ना व? मंग हिंदीत काहून बोलून राहिली? समजते पन बोलता येत नाई — माह्या पोराचे, संघर्षचे, पोट्टे बी तसेच. बरं, विचार. काय लिहिलं हाय सर्वेच्या कागदावर? मोहल्ल्यात भीती वाटते का?

आता हे पाहा — रायपूर राजधानी झाली, रस्ते मोठे झाले, आन आपला मोहल्ला, हा पारा, झाला बदनाम. कुठं बी चाकू चालला का पेपरात आपलंच नाव. चालत नाई असं नाई. मागच्या होळीले नळाजवळ एकाचं पोट फाडलं, रक्तावर पानी मीच ओतलं. पन चाळीस वर्षं झाले मले, आजवर कोनी 'ए' म्हटलं नाई. संघर्ष मात्र तेलीबांध्याले फ्लॅट घेऊन बसला. वीस मिनिटं लागते तिथून. रीना, माही सून, म्हणते, मम्मी, उस एरिया में बच्चों को कैसे लाएँ? बरोबर हाय तिचं, लेकरांचा जीव हाय. दोन वर्षं झाले, नातवंडं पाहिली नाई मी.

पुढचं वाच. तुमच्यासोबत गुन्हा घडला काय? — हे बी विचारतेत काय? चहा ठेवू? नको? थोडा घे ना. नको तं नको.

घडला म्हणजे... कोपऱ्यावर तुळशीराम होता, पंक्चरवाला. दोन लेकरांचा बाप. जवानीत मारामाऱ्या केलेल्या, ठाण्याच्या यादीत नाव. मी गोल बाजारातून आली का हा मागून येई, पिशवी हिसकावे — 'ए दाई, माल निकाल!' — आन पळे. कुठं? माह्याच दारापर्यंत! पिशवी ओट्यावर ठेवून दात काढत उभा. म्हातारीले ओझं नको म्हणून, पन तसं तोंडानं म्हणायचं नाई, तं हे नाटक. मी बी वरडे — चोर, चोर! सारा पारा हसे. मले तं कधी कधी घरात भाजी असली तरी बाजारात जावंसं वाटे, तेवढ्यासाठी. मंग एक दिवस तिथं नवा शिपाई उभा होता. धरलं त्यानं. मले विचारलं, क्या किया इसने? मी अशी घाबरली का हिंदीच सुचेना. म्हटलं, चेष्टा केली हो साहेब, चेष्टा! आपल्यात चेष्टा म्हंजे मस्करी. त्यायच्यात चेष्टा म्हंजे कोशिश. त्यानं लिहिलं — लूट की चेष्टा. झालं. चोर सोडून संन्याशाले फाशी.

काय म्हणते? सांगितलं काहून नाई? अवं, मले काय मालूम... तेव्हा नव्हतं मालूम. ठाण्यात वाचून दाखवलं तेव्हा — हव, तेव्हा समजलं. चाळीस वर्षं हिंदीत भाजी घेतली मी, समजणार नाई? तोंड उघडणारच होती, तेवढ्यात मोठे साहेब म्हणाले, अम्मा, अकेली रहती हो? कल से हमारा आदमी चार बजे आएगा, आपको देखेगा, दस्तख़त करेगा. रोज. रोज म्हणाले व ते. मी सही करून टाकली.

ते पाहा, दाराच्या खिळ्याले टांगलं हाय रजिस्टर. चार महिने झाले, तुळशीराम जेलात हाय. संघर्षचा बी रोज फोन आला तेव्हा — आठवडाभर. शिपाई पहिले पहिले आत बसे, चहा पिये, गावाकडच्या गोष्टी सांगे. मी चार वाजता लुगडं बदलून बसे, हसू नको. आन तुळशीरामची बायको मीरा नळावर भेटते. बोलत नाई. मले पाहून बादली बाजूले सरकवते, जागा देते. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. गुरुवारी कोर्टात पेशी हाय त्याची, मले बोलावलं हाय. एकच शब्द सांगायचा — साहेब, मस्करी. तो तं दोन्हीकडे चालते. पन मंग धोका नाई म्हटल्यावर रजिस्टर कोन ठेवणार? चार वाजता कोन —

थांब. मोटरसायकल. आला. पाहा तू आता.

...हव भैया, सब ठीक! हव, हव!

पाहिलं? गाडी बंद बी नाई केली. सीटवरूनच हात लांबवला, सही केली, वर पाहिलं बी नाई. एवढंच येते तो. एवढ्यासाठी मी तुळशीरामले...

काय लिहून राहिली? थांब. 'नाई' लिही — गुन्हा घडला नाई. लिहिलं? खोड, खोड ते. हा कागद ठाण्यात जाते का? तुले बी मालूम नाई. मंग तो रकाना कोरा ठेव. गुरुवारचं गुरुवारी पाहू.

जा माय, तुले उशीर झाला. आन पर्स काहून अशी छातीशी धरली? कोपऱ्यावर भिऊ नको. तिथं आता कोनी नाई.