नसीम आपांनी वाचलेले पेपर

माझा स्वभाव जळका नाही असं तुम्हाला वाटतं ना, मग ऐका. शाहपुऱ्यात मी उर्दू बोलणाऱ्या बायकांना इंग्रजी शिकवते. त्यांच्यात वयानं मोठ्या नसीम आपा. मी फळ्यावर शब्द लिहून डिक्शनरीतला अर्थ सांगते, की सगळ्या माना आपांकडे वळतात. आपा उर्दूत दोन वाक्यं बोलतात, मगच वह्या उघडतात. एम.ए. मी केलंय.

परवा चिडून परीक्षा घेतली. आपांना बाहेर बसवलं आणि बाकीच्यांना सांगितलं, अर्थ उर्दूत लिहा. पेपर हातात आल्यावर लक्षात आलं, मला उर्दू वाचताच येत नाही.

पुन्हा आपांनाच बोलावलं. 'जेलस' या शब्दावर त्या क्षणभर थांबल्या. मग एकेक पेपर वाचत गेल्या, "दूसरे की ख़ुशी देखकर जलना।" प्रत्येक पेपरात मी शिकवलेलंच वाक्य. बायका माना खाली घालून बसल्या होत्या. मी खुशीत सगळ्यांना पूर्ण मार्क दिले.

घरी शेजारच्या वकीलसाहेबांना पेपर कौतुकानं दाखवले. त्यांना उर्दू वाचता येतं. चष्मा लावून त्यांनी विचारलं, "मैडम, ये नसीम आपा कौन हैं?"

"क्यों?"

"सबने एक ही बात लिखी है। जेलस, यानी जैसे हमारी मैडम, नसीम आपा से।"

आपांनी वर्गासमोर मला सांभाळून घेतलं होतं. तेवढं मोठं मन माझ्याकडे नाही, आणि आता त्याचाही जळफळाट होतो.