भिंतीवरून पानी

— फ्लोटच खराब हाय म्हनतो ना मी, तू दुसरा टाक आन् मोकया हो! दोनदा बदलला तौहीदनं, तरी तेच. टब भरते, तो फ्लोट काही वर येत नाई, पंप काही चालू होत नाई, आन् मच्छ्यांच्या खोलीत घोट्याएवढं पानी. तूच तं बसवून गेलता नागसेन, उन्हाया लागाच्या आधी — म्हने, चाची, आता तुमाले वाकाचं काम नाई, हरेक टाकीत थेंब थेंब ताजं पानी पडन, जेवढं पडन तेवढं जुनं आपोआप खालच्या टबात उतरन, टब भरला का फ्लोट वर येइन, पंप सुरू, पानी भिंतीपलीकडे! लय हुशारी सांगतली होती. आन् आता पोंछा कोन मारते? मीच मारतो ना, या गुडघ्यानं. ... तौहीद? तो अमरावतीले गेला, दुकानदाराले मच्छ्या पोचवाले. संध्याकायी येइन. घरात मीच हाय, मलेच विचार जे विचाराचं ते. पर आधी चहा घे. अकोल्यावरून उन्हात आला तू. घे रे, लाजतं काय!

हे घर पहिले असं मच्छ्यांचं नव्हतं बाप्पा. तौहीदचे अब्बा जिनिंगमधी फिटर होते — रहीम मिस्त्री म्हटलं का बाळापुरात कोनीबी घर दाखवे. मंग कापसाचं हे असं झालं, जिनिंग बंद पडली, ते घरात बसले, आन् बसल्या बसल्याच गेले. मी पोराले म्हटलं, बेटा, कायबी कर, पर कापसाच्या नादी लागू नको. तं त्यानं या शोभेच्या रंगीत मच्छ्या पायल्या. आपला बोअर चालते, अल्लाची मेहेरबानी — नाईतर अर्ध्या मोहल्ल्याच्या बोअरी आटल्या, आन् नळ येते कवा तं कवा. मच्छ्यांचं काढलेलं पानी म्हंजे तं खतच! ते वाया काहून घालवा? तं बाजूची मैना — तुले माईत हाय ना, जानरावची बायको — तिनं त्या पान्यावर आंगनात संबार, पालक, मेथी लावली. बाजारात नेऊन इकते. काय करन बिचारी? वावरात निंदन राह्यलं नाई का वेचनं राह्यलं नाई, जानराव गेला पुन्याले चौकीदारीले. म्हनून मी देत गेली. मनापासून देत गेली, खोटं नाई सांगत. रोज सकायी बकेटा घेऊन दारात हजर. मी म्हनो, थांब माय, माहा चहा होऊ दे, मंग उपसून देतो. बसे ओट्यावर. मी सांगत राहो, बकेट अशी धर, सांडू नको, काल तुह्यामुळं पायरीवर घसरन झाली. चूपचाप ऐकून घे. कोनी पाहुने आले का मी हमखास दाखवो — हे पाहा, आमच्या मच्छ्यांच्या पान्यावर या बाईची भाजी पिकते, नाईतर कवाच वायली असती! हासे ती. कवा कवा संबारची जुडी आने माह्यासाठी. मी म्हनो, ठेव बाई, इकजो, तुह्याच पोटाची मारामार, मले काय कमी हाय? एक जुडी नाई घेतली मी तिची. कवाच नाई. एवढं कोन करते सांग आजकाल?

काय? ... धागा? कायचा धागा? ... सरक, पाहू दे. हं. उंदरानं आनला असन, लय उंदरं झाले या खोलीत. ... गाठ? ... आता उंदीर गाठ मारत नाई हे मलेबी समजते रे, शिकवू नको! ... बरं. बांधला. मीच बांधला. जुन्या ओढनीचा काठ फाडला आन् फ्लोट खाली बांधून टाकला, का वर येऊ नये म्हनून. तौहीद बदलाले बसे त्याच्या आधी सोडून ठेवो, तो उठला का पुन्हा बांधो. आता डोये मोठे काहून करून राह्यला? माहं घर, माहा टब, मी बांधन नाईतर सोडन! पागल नाई झाली मी. कारन होतं म्हनून बांधला.

कारन काय? कारन तुमचा पाइप! ज्या दिवशी तुमी भिंतीवरून पाइप टाकला ना, त्या दिवसापासून मैना दारात आली नाई. मले वाटलं बीमार हाय. भिंतीवरून डोकावून पाह्यलं तं मस्त भाजीत उभी, पाइपाचं तोंड ड्रमाच्या वर सुतळीनं बांधून — तूच सांगतलं असन, पान्यात बुडालं तं पानी उलटं येते म्हनून. मी हाक मारली, वो मैना! तं म्हनते, "हाव वो भाभी, काम हाय." बस्. एवढंच. पानी बराबर जाते तिच्याकडे, बाई काही येत नाई. मतलबी, दुसरं काय! पानी घरपोच भेटलं, आता हलीमाबीचं काय काम? ... नाई, तू ऐक. तौहीद मच्छ्यांत असते नाईतर मोबाइलात. पोरगी मिस्बाह लगन होऊन धामनगावले गेली, ईदले येते, दोन दिवस राह्यते, जाते. मी दिवसभर बोलू कोनाशी? या मच्छ्यांशी? त्या नुसतं तोंड हालवते, आवाज कुठं येते त्याईचा? सकायी मैना ओट्यावर बसे, मी चार गोष्टी बोलो, तेवढाच माहा दिवस होता रे. तो बी तुमी पाइपात घातला.

म्हनून बांधला धागा. म्हटलं पानी बंद पडलं का झक मारत येइन, "काहून वो भाभी, पंप बिघडला काय?" म्हनत दारात उभी राहीन. मी म्हनन, बैस, पाहतो. ... आली? कुठची येते! इकडे माह्या खोलीत तयं झालं, तिकडे तिचा ड्रम कोरडा, मेथी मान टाकून राह्यली — मी रोज पाह्यतो ना भिंतीवरून — तरी नाई आली. तिकडच्या हापशीवरून डोक्यावर हंडा आनते, भर उन्हात. माह्याच दारावरून जाते. जाते पर इकडे मान वळवत नाई. सांग, मी काय घोडं मारलं तिचं?

... पाना खाली काहून ठेवला तू? ... नाई, तुह्या पोटात काहीतरी हाय. बोल. ... पाइप कोनी मांगतला म्हंजे? तौहीदनं मांगतला, माह्या गुडघ्यासाठी. ... मैनानं? मैना बोलली? तुह्यासमोर? ... सांग, तसंच्या तसं सांग, माहं मन राखू नको. ... "पानी द्या, पर त्या दारात उभं राहाले नका लावू." असं म्हनली? ... रडली? मैना रडली? आन् तौहीद काय बोलला? ... खाली मान घालून पाइप मोजला. माहा पोरगा! मले एका शब्दानं बोलला नाई.

आन् मी काय तिले हाकललं होतं? कवा नाई म्हटलं मी? कवा रिकामी पाठवली? ओट्यावर बसवलं, चांगलं बोलली — आत? आत काहून बलावू, खोलीत चिखल होते ना साऱ्या. ... चहा? ... चहा तं मी पेत होती. ती ... ती आपल्या घरून पेऊनच येत असन ना? एवढ्या सकायी कोनी बिनाचहाचं निंघते काय? ... माईत नाई. विचारलं नाई मी कवा. ध्यानातच नाई आलं. मी तिले मैत्रीन समजत होती रे नागसेन, अल्लाकसम. साऱ्या मोहल्ल्यात एकच. लय लागलं हे मले. लय लागलं.

... जाऊ दे. काप तो धागा. काप म्हनतो ना. ... हं. आला वर. ... लागला पंप. ... थांब, बोलू नको, ऐकू दे. पडलं ड्रमात. ... तिचाच आवाज हाय — "आलं वो, पानी आलं!" आपल्या पोट्टीले सांगून राह्यली. किती खुश हाय पाह्य.

मी? मी काहून हाक मारू? काय म्हनू तिले? ... नाई. आन् तू बी काही सांगू नको, ना तिले, ना तौहीदले. फ्लोट खराब होता म्हन, बदलला म्हन. ... राहू दे तो कप तथीच, मी उचलतो. जाय आता तू. बसला काहून? जाय म्हटलं ना!