मेढ चार फूट सरकवा, भिवाकाका

—नाही नाही, पहार खाली ठेवा भिवाकाका, आधी ऐका. मांडवाला माझा विरोध नाहीये. करिश्माची हळद आहे, सख्खी बहीण आहे माझी, अख्खं कोपरी गाव अंगणात येऊन नाचणार आहे — नाचू दे! फक्त ही मेढ, हा तुमचा मांडवाचा पहिला खांब, चार फूट तिकडे पेरूखाली सरकवा. जाईबाईंनी जागा दाखवली, मान्य. धवलारीण आहेत, त्यांच्या गाण्यांवरच लग्न लागतं, आमच्यात भटजीपेक्षा त्यांच्या शब्दाला वजन जास्त, तेही मान्य. पण जागा दाखवली कशी त्यांनी? मिश्री थुंकायला वळल्या, हात इकडे झाला, आणि सगळ्या आत्या एका सुरात — हीच जागा! देवाचा कौल असा लागतो का? लागत असेल. बरोब्बर माझ्या वाफ्याच्या मधोमध लागला.

हसताय काय? ब्रोकोली आहे ती. कोबी नाही, फ्लॉवर पण नाही — फ्लॉवरचा चुलतभाऊ समजा, बाहेर शिकून आलेला, माझ्यासारखा. दोन वर्षं नेदरलँडला माती शिकलो मी. परत का आलो, विचारा ना — सगळेच विचारतात. अहो, ज्यांच्या आज्यांनी मिठागरं पिकवली, भात लावला, त्यांची पोरं आज भेंडी मोबाईलवरून मागवतात, दहा मिनिटांत, प्लास्टिकात गुंडाळलेली! लाज वाटायला पाहिजे की नको? — तुम्ही पण मागवता? बरं, असू दे.

तर सांगत काय होतो — खडवली. नदीकडची ती आमची जमीन, बाबा बिल्डरला देतायत, बंगल्यांसाठी. मी म्हटलं, मला द्या, मी पिकवतो. तर ओट्यावर सगळी भावकी बसलेली, त्यांच्यासमोर म्हणतात, "परदेशान जाऊन कोबी शिकून आला! आधी दारातल्या मातीत एक गड्डा काढून दाखव. हळदीच्या आधी. निघाला तर खडवली तुझी, नाय तर मी सही करतो." आणि बाबा शब्दाला पक्के, हाच तर वांधा आहे. आता मेढ पुजायला सगळे बाहेर येतील ना, तेव्हाच बघणार आहेत गड्डा. कळलं का मी पहार का धरलीय?

तुम्हाला वाटतं टाकलं बी, आलं झाड. काका, दिवाळीनंतर ट्रेमध्ये बी लावलं, रोपं बाळासारखी सावलीत ठेवली, शेणखत स्वतः डोक्यावरून आणलं — रिक्षावाला घेईना. मग अळ्या. पानाच्या शिरेसारख्या दिसतात, तशाच हिरव्या. रोज सकाळी एकेक वेचायचो. आई म्हणते, लोकांची पोरं मुली बघायला जातात, आमचं ध्यान अळ्या बघत बसतं. औषध मारलं नाही पण! एक थेंब नाही! शुद्ध अन्न म्हणजे काय ते या गावाला दाखवायचं होतं मला. आणि आला हो गड्डा. मुठीएवढा, घट्ट, निळसर हिरवा. नियम साधा आहे — कळ्या मिटलेल्या असतानाच कापायचा. पण मुठीएवढा गड्डा आमच्या भावकीला दाखवू? ज्यांच्याकडे हळदीचे स्पीकर पहिल्या मजल्यापर्यंत रचतात? लहान वस्तू दिसतच नाही हो आमच्या लोकांना. म्हटलं, अजून थोडा फुगू दे, कलिंगडाएवढा होऊ दे, मग कापू. आणि मग मागच्या आठवड्यात ते ऊन पडलं, आणि बघता बघता पिवळी फुलं — म्हणजे, एखाद्याची उमलतात अशी. होतं कधी कधी. पुस्तकात आहे.

आपला नाही उमलला. हा काय, बघा ना, केवढा आहे! लांबून. लांबूनच छान दिसतो. नाही, वाकू नका, त्याला माणसाचा श्वास चालत — हात नका लावू! काका, हात —

...

हो. टूथपिक आहेत त्या. तीन.

असं बघू नका. स्टेशनबाहेरच्या मार्केटमधून आणला, सकाळीच. सेंद्रिय आहे — भाजीवाला तरी तसं म्हणाला. स्टिकर? काढला होता मी स्टिकर. कुठाय? ...आईशप्पथ, खाली पण एक होता.

थांबा. ताट वाजलं. जाईबाई गातायत, म्हणजे निघाले सगळे. काका, पहार उचला. पेरूखाली कुठे चाललात? इथे! मधोमध! जाईबाईंनी जागा दाखवलीय ना? कौल आहे देवाचा, कौल मोडतात का कुठे? गड्डा मेढेखाली गेला म्हणजे मी हरलो असं बाबा कसे म्हणतील? फार तर पुढच्या थंडीपर्यंत थांबतील. थांबतील ना? — हा बाजारातला तुमच्या पिशवीत टाका, घरी न्या. धुऊन घ्या मात्र. आणि खणायच्या आधी रोप मुळासकट काढून त्या गोणीत ठेवा. हळू! खोडाला बघा, पानाच्या बेचक्यात, नखाएवढा कोंब फुटलाय. हा खरा आहे. टोचलेला नाही, ओढून बघा — नको, ओढू नका.

आलो बाबा! — काय करू, भिवाकाका ऐकतच नाहीत माझं! — खणा ना, माझ्या तोंडाकडे काय बघताय!