शालूच्या बुटांची गाठ

तुम्ही बसा, मी बोलता बोलता हे तांदूळ निवडते. हात रिकामे ठेवून मला बोलता येत नाही, गेली पाच वर्षं तर अजिबात नाही. कुठून सुरुवात करू? माझा जन्म मालवणच्या बाजूचा. आमच्या गावात बूट एकट्या पोस्टमास्तरांच्या पायात, आणि तेसुद्धा ते कचेरीच्या पायरीवर काढून ठेवायचे, आम्ही मुलं लांबून बघायचो. मी शाळेत अनवाणी गेले, सातवीच्या फायनल परीक्षेला अनवाणी गेले, लग्नाच्या बोहल्यावर उभी राहिले तीही अनवाणी. वडिलांना वाचनाचं वेड होतं म्हणून मी शिकले. पुस्तक मिळालं की मी माळ्यावर जाऊन बसायची, आई खालून हाका मारून थकायची. अशी मी एका जागी बसणारी मुलगी होते, आता सांगून कोणाला खरं वाटणार नाही.

लग्न होऊन अंधेरीला आले. तेव्हा स्टेशनच्या पूर्वेला आमची चाळ आणि चाळीच्या मागे मरोळपर्यंत भाताची शेतं. आमचे हे फोर्टात एका कचेरीत कारकून. मी त्यांचं नाव घेत नाही, अजूनही घेत नाही, तुम्ही लिहितानासुद्धा घालू नका. कचेरीत बूट घालावे लागायचे, काळे, चामड्याचे, बंद बांधायचे. रोज सकाळी उंबऱ्यावर बसून ते बूट बांधायचे आणि मी डबा भरायची, त्यामुळे त्यांची पाठ मी रोज बघितली, हात कधी बघितले नाहीत. हे लक्षात ठेवा, यातच सगळं आलं.

शालू साडेपाच वर्षांची झाली तेव्हा चाळीजवळच्या मराठी शाळेत शिशुवर्गाला बाई हवी होती. हेच म्हणाले, तू फायनल पास आहेस, घरात पुस्तकं वाचून झिजवतेस, जा की. सासूबाई म्हणाल्या, जा गो, चेडू पण तुझ्याबरोबर जायत, माझ्या जिवाक आराम. म्हणून त्या जूनपासून मी हंगामी बाई आणि शालू माझ्याच वर्गात. शाळेचा नियम नवा निघाला होता, मुलांनी पांढरे कॅनव्हासचे बूट घालायचे, आणि पहिलीत जायच्या आत प्रत्येकाला स्वतःच्या बुटाचे बंद बांधता आले पाहिजेत. मोठ्या बाई म्हणाल्या, ते तुम्ही शिकवायचं. मी हो म्हटलं. काय सांगू तुम्हाला, मला बुटाचे बंद बांधता येतच नव्हते. पण नाही म्हणायची लाज वाटली, आणि मनात म्हटलं, परकराची नाडी जन्मभर बांधली, त्यात काय मोठंसं, नाडी ती नाडी. तशीच शिकवली.

मुलांना मी गोष्टीतून शिकवायची. एका बंदाचा फासा करायचा, ते खुराडं. दुसरा बंद म्हणजे कोंबडी, ती खुराड्याभोवती फिरली, दारातून आत शिरली, शेपूट बाहेर राहिलं. मुलं खूश. आठवड्याने एका मुलाचे वडील गंध लावून, टोपी घालून दारात. म्हणाले, बाई, आमच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही आणि पोरगा सकाळी उठून कोंबडी कोंबडी करतोय. दुसऱ्या दिवसापासून कोंबडीची चिमणी केली आणि खुराड्याचं घरटं. तर पाठीमागून दिनू म्हणून एक कार्टं होतं ते ओरडलं, बाई, चिमणीला एवढी शेपूट नसते!

शालूला मात्र मी शिकवलंच नाही, कारण तिचे बूट हे बांधायचे. आधी स्वतःचे, मग तिचे, ती त्यांच्या मांडीवर पाय ठेवून बसायची, तोंड अगदी त्यांच्या हाताशी. मी म्हणायची, तुमची मुलगी शिक्षिकेची मुलगी आणि तिलाच येणार नाही. ते म्हणायचे, शिकेल गं, घाई काय आहे.

गणपती झाले आणि यांना ताप आला. पहिल्या दिवशी अंगात कणकण होती तरी उठून कचेरीला निघाले. स्वतःचे बूट बांधले, शालूचे बांधले, आणि उभे राहताना भिंतीला धरलं. मी म्हटलं, आज राहू दे. तेव्हा परत आत येऊन निजले ते उठलेच नाहीत. विषमज्वर निघाला. पंधरा दिवसही लागले नाहीत.

तेराव्याला ब्राह्मणाला छत्री आणि जोडे द्यायचे असतात, आम्ही नव्या वहाणा आणून दिल्या. यांचे काळे बूट खाटेखाली राहिले. चौदाव्या दिवशी मी शाळेत गेले. चाळीत कुजबुज झाली, बघा, तेरावा झाला नाही तोच बाई निघाल्या. सासूबाईंनी ओट्यावर उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, तुमी येताय काय आमका जेवूक घालूक? त्या बाईने स्वतःचा मुलगा घालवला होता, पण मला एक शब्द बोलू दिला नाही कोणाला.

आणि मला घरात बसवतच नव्हतं. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कशाला उठले ते आठवायचं नाही. वाचायला पुस्तक घेतलं तर त्याच पानावर. शाळेत बरं वाटायचं, चाळीस मुलं, रोज कोणाचा ना कोणाचा बंद सुटलेला, मी या बाकाकडून त्या बाकाकडे, वाक, बांध, ऊठ, वाक, बांध, ऊठ.

शालू रडली नाही. एवढंच केलं की बुटांच्या गाठी सोडू देईना. ताप आला त्या सकाळी वडिलांनी बांधलेल्या गाठी. बूट तसेच ठेवायचे, टाच दाबून पाय आत कोंबायचा, घरी आलं की ओढून काढायचा. दर शनिवारी बुटांना खडू लावायचा असतो तर गाठीला हात न लावता भोवतीने लाव म्हणायची. मी लावायची. तिला दुसरं काय द्यायला होतं माझ्याकडे?

पण सुताची गाठ ती, किती दिवस राहणार? महिना झाला असेल. दुपारी शाळा सुटून आम्ही घरी आलो, ती आत आजीजवळ जेवायला बसली, मी बाहेर चपला सारख्या करत होते, तर डाव्या बुटाची गाठ सुटून बंद लोंबत होते. आतून तिचा आवाज येतोय, आजी, अजून आमटी. मी पटकन खाली बसले आणि बांधून टाकली. पुढे उजवी सुटली, तीही बांधली. मग सवयच झाली, ती जेवायला बसली की मी ओट्यावर, गाठी बघायच्या, घट्ट करायच्या, पदराने पुसायच्या. चोरासारखं वाटायचं. मुलीला वाटतंय बापाची गाठ आहे, आणि आहे माझी. सांगायचं म्हटलं की जीभ उचलायची नाही. नाही सांगितलं तर वर्गात उभं राहून खरं बोलावं हे कसं शिकवायचं? रात्रंदिवस डोक्यात हेच.

थंडीत शाळेची तपासणी यायची होती. शिशुवर्गाने साहेबांसमोर रांगेने झेंड्याला फेरी मारायची असं मोठ्या बाईंनी ठरवलं. पहिल्याच सरावाला अर्ध्या फेरीत एकाचा बंद सुटला, मागच्याने त्यावर पाय दिला, एकावर एक सात मुलं पडली. दुसऱ्या दिवशी परत तेच. मोठ्या बाई म्हणाल्या, बाई, मुलांना बांधता येतंय हे मी बघते आहे, मग सुटतं कसं? तुम्ही नक्की काय शिकवलंत? माझी नोकरी हंगामी, वर्षअखेरीला कायम करायची की नाही ते त्यांच्याच हातात. पण खरं सांगते, त्या दिवशी नोकरीचं भय मला वाटलं नाही. मला भय वाटलं ते शालूचं, कारण रांगेत तिच्याही गाठी सैल व्हायला लागल्या होत्या, आणि तिथे ओटा नव्हता आणि आमटी नव्हती. सैल झाली की ती गुपचूप रांगेतून बाहेर जाऊन बसायची, कोणाला हात लावू द्यायची नाही.

त्यातच सासूबाई म्हणाल्या, अगो, तू बाई मा शाळेतली? चेडवाच्या टाचेक बघ काय झाला हा. बघितलं तर टाच सोलून लाल मांस दिसत होतं. बंद न सोडता पाय कोंबून कोंबून, आणि पायही वाढलेला. सासूबाई म्हणाल्या, कातर आण, मी कापतंय ती नाडी, माझ्या झिलाची असली म्हणून काय झाला, पोराचो पाय जायत.

मी म्हटलं, थांबा. आज रविवार आहे, मी बोलते तिच्याशी.

शालूला ओट्यावर घेऊन बसले. पदराचं टोक धरून ठेवलं. म्हटलं, शालू, ही गाठ बाबांची नाही गं. बाबांची केव्हाच सुटली. ही मी बांधली आहे, तुला न सांगता, पुष्कळदा बांधली.

ती म्हणाली, मला माहीत आहे.

मी म्हटलं, कधीपासून?

म्हणाली, पहिल्या दिवसापासून. बाबांच्या गाठीचं फूल बुटावर आडवं बसायचं. तुझं उभं बसतं.

मी बघितलं. खरंच उभं होतं, टाचेपासून बोटांकडे. वर्गातल्या सगळ्या मुलांची फुलं उभी बसत होती, मी कधी बघितलंच नव्हतं.

मग म्हटलं, वेडे, माहीत होतं तर पाय सोलवून का घेतलास, बोलली का नाहीस?

तर म्हणते, तुला वाटत होतं मला कळत नाही. कळतं म्हटलं असतं तर तुला रडू आलं असतं.

जेमतेम सहा वर्षांची हो. दोन-तीन महिने ती मला सांभाळत होती आणि मी तिला, आणि दोघींच्या मध्ये तो सोललेला पाय. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, तेरा दिवसांत रडले नव्हते तेवढी. सासूबाई दारात कातर घेऊन उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या आणि आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

शालूचे बूट तर आता पायात जाणार नव्हते, म्हणून तिनेच खाटेखालून वडिलांचे काळे बूट ओढून आणले. म्हणाली, बघ, पहिला वेढा तू घालतेस त्याच बाजूने दुसरा घालतेस, बाबा तसं करत नव्हते. पहिल्यांदा डावा वर, मग उजवा वर. मी केलं, चुकलं. ती म्हणाली, अगं आई, कशी गं तू, परत सोड. पाच-सहा वेळा सोडवून घेतलं. मग एकदा फूल आडवं पडलं आणि दोघी त्याच्याकडे बघत बसलो. ओढून बघितलं, हलेना.

सोमवारी वर्गात गेले आणि चाळीस मुलांना सांगितलं, तुमच्या बाईंनी तुम्हाला चुकीचं शिकवलं. दिनू म्हणाला, मग बाईंना छडी! मी हात पुढे केला, तर तोच लाजला. शिकवण्यापेक्षा शिकवलेलं पुसणं कठीण, बोटं आपोआप जुन्या वाटेने जातात. मी एका बाकाशी, शालू दुसऱ्या बाकाशी, दोन आठवडे गेले. तपासणीच्या दिवशी तरी तिघांचे सुटले. साहेबांनी कोणाच्या पायांकडे बघितलंही नाही, हजेरीपट बघितला, चहा घेतला आणि गेले. मोठ्या बाईंना मी सगळं सांगून टाकलं होतं, बूट माहीत नव्हते इथपासून. त्या एवढंच म्हणाल्या, मला विचारून तरी काय उपयोग होता, मी कुठे बूट घातलेत? आणि जूनमध्ये मला कायम केलं.

आता शालू अकरावं ओलांडते आहे, मोठ्या शाळेत जाते, सकाळी मी वळून बघेपर्यंत ओटा उतरून गेलेली असते. सासूबाई थकल्या आहेत पण जीभ शाबूत आहे. मी आहे ही अशी. पुस्तकं परत वाचायला लागले, उभ्या उभ्या वाचते, चार पानं झाली की खिडकीपर्यंत जाऊन येते. बसणं काही परत आलं नाही.

परवा शालू भांडी विसळत होती, पाठमोरी. म्हणाली, आई, मला बाबांचा आवाज आठवत नाही. माझ्या तोंडाशी आलं होतं, अगं आठवेल, नीट आठव. तेवढ्याने वेळ निभावली असती. पण मी म्हटलं, मलाही पुष्कळदा आठवत नाही गं. सकाळी आठवतो, दुपारपर्यंत जातो. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंस, मला वाटलं मीच एकटी. आणि पुढचं ताट घेतलं.

झाले तांदूळ निवडून. तुम्ही जेवूनच जा, सासूबाईंनी तुमचं पान मांडायला सांगितलं आहे, नाही म्हटलंत तर मला ऐकून घ्यावं लागेल. तुमच्या घरी मुलं असतील, सगळी सुखात राहोत. मी चूल बघते.